पत्रातला शिळा ऋतू

१

तोगावासाहेबांनी पत्र पोस्टानं परत पाठवलं नाही. सोमवारी सकाळी ते स्वतःच इसोगाइ कामाबोकोच्या कचेरीत आले, पत्र काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे चुकून आमच्याकडे आलं असावं." मग वळले आणि गाडीत जाऊन बसले. पुढे केलेल्या चहाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या तोयामाच्या खाडीवर एवढं केलं की पुरतं. आरडाओरडा करायची गरज पडत नाही.

हे मला कळलं ते मंगळवारी दुपारी, शिमोदेबाईंच्या फोनवरून. शिमोदेबाई म्हणजे इसोगाइंच्या हिशेबनीस. फोनवर नमस्कार-चमत्कार न करणारी मी पाहिलेली ही एकमेव बाई.

"मुरोइसान, तुम्ही मालकांच्या मामेबहीण ना? चौकशा करणं तुमचा धंदा आहे ना? मग या. नेझुसान शुक्रवारी नोकरी सोडून चाललीय. पत्र तिच्या नावानं गेलंय, पण तिनं लिहिलेलं नाही."

"तुमची मैत्रीण आहे का ती?"

"छे! डोळ्यांसमोर नको असते मला. पण हे तिनं केलेलं नाही."

असा साक्षीदार मला फार आवडतो. मी विमा कंपनीसाठी आगी आणि चोऱ्या तपासते, म्हणजे लोकांचं खोटं ऐकून घ्यायचा पगार घेते. आवडणाऱ्या माणसासाठी सगळेच खोटं बोलतात. न आवडणाऱ्या माणसासाठी कुणी खरं बोललं, की उठून जायला हवं. मी गेले.

पत्र छापील कागदावर होतं, खाली कंपनीचा लाल चौकोनी शिक्का. तारीख ऑक्टोबरच्या मध्याची. मजकूर असा:

"उन्हाळा सरला तरी ऊन अजून रेंगाळते आहे. समुद्रावरचा वारा संध्याकाळी थोडा बदलतो, एवढेच. आपण सर्व जण प्रकृतीला जपून असाल, अशी आशा आहे.

आपल्या कन्येच्या विवाहासाठी आपण गेल्या आठवड्यात मागविलेले मानाचे मासे देणे यापुढे आमच्याकडून होणार नाही. कृपया दुसरीकडे व्यवस्था करावी."

मानाचे मासे म्हणजे कामाबोकोचे. माशाचा मऊ लगदा वाफवून, रंगवून, वर हातानं खवले रेखून केलेला लाल तांबोशी मासा. आमच्याकडे लग्नात तो पाहुण्यांना देतात. पाहुणे घरी जाऊन त्याचे तुकडे शेजारीपाजारी वाटतात. तोगावांच्या गरम झऱ्याच्या हॉटेलात आजवर जेवढी लग्नं झाली, तेवढ्यांचे मासे इसोगाइंकडूनच गेले होते. आणि आता खुद्द तोगावांच्या मुलीचं लग्न होतं.

पत्राच्या तळाशी नाव छापलेलं होतं: नेझु तोकिए.

२

आधी मालकांना भेटले. तोकुजी इसोगाइ माझा आतेभाऊ. लहानपणी मला खेकडे धरायला शिकवणारा, मोठेपणी मोजकं बोलणारा. जुलैमध्ये वहिनी गेली तेव्हापासून तेवढंही बोलेनासा झाला होता.

"कानाए, कशाला उकरून काढतेस?" तो म्हणाला. "झालं ते झालं."

"दादा, इतक्या वर्षांची बाई नोकरी सोडून चाललीय."

"मी थांबा म्हटलं तिला."

"कसं म्हटलंस?"

"कसं म्हणजे? थांबा म्हटलं." तो खिडकीबाहेर बंदराकडे बघत राहिला. "सोमवारी सकाळच्या सभेत ती माफी मागत सगळ्यांसमोर वाकली. माझ्या नावानं गेलंय, जबाबदारी माझी, म्हणाली. मग काय बोलणार?"

मला त्याचा राग आला. तरी वाटलं, बायको जाऊन तीन महिने होताहेत, माणूस अजून जाग्यावर नाही. त्याला तिथंच सोडून मी नेझुबाईंच्या टेबलापाशी गेले.

नेझुबाई साठीला टेकलेल्या, बारीक, करड्या कोटातल्या. टेबलावर कागदाचा कपटाही आडवा नव्हता.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"नाही."

"मग सभेत वाकलात कशाला?"

"नाव माझं होतं."

"वाचलंत ते?"

"वाचलं."

"काही खटकलं?"

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "ऋतू शिळा आहे. हे सप्टेंबरच्या सुरुवातीचं बोलणं झालं. आता डोंगरावर पानं लाल व्हायला लागलीत."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

मग त्यांनी मला आपली पद्धत सांगितली. पत्राची सुरुवात ऋतूनं करायची हे कुणाला चुकत नाही, पण रोज तेच टाइप करायला वेळ कुणाला आहे? म्हणून बाईंनी कचेरीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये नेहमीची वाक्यं भरून ठेवली होती. "किसे" एवढी, म्हणजे आमच्या भाषेतल्या ऋतूच्या शब्दाची पहिली दोन अक्षरं टाइप केली की ऋतूची अख्खी सुरुवात उमटायची. "ओसे" म्हटलं की आभार. "योरो" म्हटलं की शेवटची विनंती. मधलं कामाचं तेवढं आपण लिहायचं.

"आणि महिना बदलला की?"

"पहिल्या तारखेला मी लवकर येते आणि सगळ्या मशीनवरचा ऋतू बदलते. नंतर बाकीचे येतात. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"कुणी वाचत नाही?"

"मुरोइसान, दोन अक्षरांत येणारी गोष्ट कुणी वाचतं का?"

मग सोपं आहे, असं मला वाटलं. ज्या मशीनवर सप्टेंबर अडकून राहिलाय, ते मशीन शोधायचं. लग्नाची मागणीच ऑक्टोबरमध्ये आली होती, तेव्हा पत्र त्याआधी लिहिलेलं असणं शक्य नव्हतं.

मी उठून एकेका कॉम्प्युटरवर जाऊन "किसे" टाइप करायला लागले. सप्टेंबर कुठंच नव्हता.

३

नेझुबाईंच्या मशीनवर आलं: "डोंगरांवर पहिला रंग चढू लागला आहे. आपला व्यवसाय उत्तरोत्तर भरभराटीला येत आहे, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे." शिमोदेबाईंच्या मशीनवर तेच. जावईबापू हारुओमींच्या मशीनवरही तेच.

हारुओमी तोकुजी दादाचे जावई आणि धंद्याचे पुढचे मालक. चांगला शर्ट, चांगलं घड्याळ, तोंडात सारखं "सुपरमार्केट".

"खरं सांगू मुरोइसान? हे मानाचे मासे बंदच करायला हवेत," ते म्हणाले. "साच्यातला माल काढायचा, पॅकबंद करायचा, वर्षभर विकायचा. हे मी सासऱ्यांच्या तोंडावर शंभर वेळा बोललोय."

"म्हणजे पत्राचा फायदा तुम्हालाच."

"फायदा? तोगावा तुटले तर आमचं निम्मं नाव गेलं!" ते खरंच वैतागले. "आणि मी लिहिलं असतं तर तीन ओळींचा ईमेल केला असता. वारा, ऊन, समुद्र... मला ते जमतच नाही. विचारा कुणालाही."

मागून शिमोदेबाई म्हणाल्या, "हे खरंय. यांनी एका गिऱ्हाइकाला सांत्वनाच्या पत्रात 'कळवावे' एवढंच लिहिलं होतं."

"शिमोदेसान!"

"लिहिलं होतं की नाही?"

राहिला विक्रीचा माणूस, कुझे. पस्तिशीचा, गोड तोंडाचा, दिवसभर गाडीत. त्याचा लॅपटॉपही गाडीतच. पहिल्या तारखेला तो कधीच कचेरीत नसतो, हे ऐकून मला वाटलं, सापडला. मी त्याला गाडीतच गाठलं.

"कुझेसान, जरा 'किसे' टाइप करा बघू."

तो लाजला. "नको हो. हसाल."

"करा."

त्यानं केलं. पडद्यावर आलं: "चेरीच्या फुलांनी नदीकाठ उजळून निघाला आहे. आपला व्यवसाय उत्तरोत्तर भरभराटीला येत आहे, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे."

"एप्रिलपासून नेझुसानच्या तावडीत सापडलोच नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं म्हणतात, कुझेसान, तुमच्या गाडीत अजून चेरी फुललेली दिसते."

आता मी पुरती अडकले. तीन मशीनवर ऑक्टोबर, एकावर एप्रिल, आणि दादाच्या टेबलावर तर मशीनच नव्हतं. सप्टेंबर आला कुठून?

एक वाट उरली होती. सप्टेंबरचं जुनं पत्र उघडायचं, खालचं पुसायचं, नवीन लिहायचं. हे कुणीही करू शकतं. मी सप्टेंबरमधल्या पत्रांच्या प्रती मागितल्या आणि कॅन्टीनमध्ये बसून नूडल्स खात एकेक वाचली. सगळ्यांची सुरुवात एकसारखी होती, आणि ती या पत्राची नव्हती. त्यांत ऊन होतं, पण समुद्रावरचा वारा नव्हता. भरभराट आणि मनापासून आनंद मात्र प्रत्येकात होते.

म्हणजे हे वाक्य कचेरीतल्या कुठल्याच पत्रात कधी आलं नव्हतं. तरीही वळण नेझुबाईंचंच होतं, यात शंका नाही. हारुओमींना असला वारा सुचला नसता, कुझेलाही नाही.

तर मग बाई माझ्याशी खोटं बोलल्या होत्या का?

४

बुधवारी मी तोगावांकडे गेले. साहेबांनी मला बाहेरच्या खोलीतच बसवलं, पण या वेळी चहा आला.

"मासे नाही जमत, तर नाही जमत," ते म्हणाले. "धंद्यात असं होतं. पण माझ्या मुलीचं लग्न आहे हे त्या पत्रात लिहिलंय आणि आनंदाचा एक शब्द नाही! प्रकृतीला जपा म्हणे. माझ्या घरी लग्न आहे की आजारपण? वर ऋतू शिळा. आमच्यासाठी ताजा ऋतूसुद्धा उरला नाही का त्यांच्याकडे?"

"नेझुबाईंवर राग आहे?"

"बाईंचं नाव बघून मला जास्त लागलं. इतकी वर्षं त्यांची पत्रं येतात. माझे वडील त्यांची पत्रं जपून ठेवायचे." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या सोडून चालल्यात म्हणे?"

"शुक्रवारी."

त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण तसं म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

परत येताना कारखान्यातून आले. वाफेनं खोली भरली होती. एका टेबलावर दोन पोरी लहान मासे घडवत होत्या, टीचभर. जवळ म्हातारे कागेयामा उभे होते. मानाचे मोठे मासे आजवर त्यांच्याच हातचे. मोठ्या माशाचे खवले एका झटक्यात रेखावे लागतात. हात थांबला की मासा बिघडला.

"आजोबा, मोठे नाही दिसत आज?"

"पोरींना शिकवतोय," ते म्हणाले. दोन्ही हात एप्रनच्या खिशात होते. मी बराच वेळ उभी राहिले. ते पोरींना तोंडानंच सांगत होते, जरा डावीकडे, जरा हलकं. एकदा एका पोरीनं रंगाची पिशवी त्यांच्यापुढे धरली, तर ते म्हणाले, "तूच कर." हात खिशातून बाहेर आलेच नाहीत.

कचेरीत आले तेव्हा शिमोदेबाई टेबलावर पसारा मांडून बसल्या होत्या. नेझुबाई बँकेत गेल्या होत्या, म्हणून शिमोदेबाईंची जीभ सैल होती.

"तुमचं आणि नेझुसानचं बिनसलं कशावरून?" मी विचारलं.

"एअर कंडिशनरवरून. तिला थंडी वाजते, मला उकडतं. झाली त्याला बरीच वर्षं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि यंदा काय काय बोलत होते लोक. मालकीणबाई गेल्या, आणि सप्टेंबरात ही बाई रोज काम सुटल्यावर मालकांच्या घरी! आठवडाभर. मी म्हटलं, मला काय करायचंय?"

"तुम्ही लोकांना गप्प केलंत का?"

"का करू? मीच बोलत होते."

मला हसू आलं. बाई प्रामाणिक होती हे मात्र खरं. तेवढ्यात त्यांनी एक पोस्टकार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"आल्यासारखं हे बघा. छापखान्याचा नमुना आलाय. मालक यंदा वर्षभर सुतकात आहेत, नव्या वर्षाची कार्डं पाठवणार नाहीत, ते कळवायचं कार्ड. नीट वाचा हं. कुठं चुकून आनंद, भरभराट असला शब्द राहिला असेल तर नाक कापलं जाईल."

मी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग पर्समधून तोगावांच्या पत्राची प्रत काढून शेजारी ठेवली.

"काय झालं?" शिमोदेबाई म्हणाल्या. "चूक आहे का?"

"कार्ड बरोबर आहे," मी म्हटलं. पत्राची प्रत घडी घालून परत पर्समध्ये ठेवली.

५

गुरुवारी दुपारी मी तोकुजी दादाच्या घरी गेले. म्हटलं, वहिनीला उदबत्ती लावायचीय. ते खरंही होतं.

पितरांच्या देव्हाऱ्यात वहिनीचा हसरा फोटो होता. पुढे नाशपाती आणि तिला आवडायचा तो काळ्या उडदाचा लाडू. मी घंटा वाजवली, हात जोडले. वहिनी, मला माफ कर, असं मनात म्हटलं, कारण पुढे काय करणार आहे ते मला माहीत होतं.

दादा चहा आणायला आत गेला. खोलीच्या कोपऱ्यात वहिनीचा कॉम्प्युटर होता, रुमालानं झाकलेला. शेजारी कंपनीचे छापील कागद. मी रुमाल काढला, मशीन सुरू केलं आणि दोन अक्षरं टाइप केली.

"उन्हाळा सरला तरी ऊन अजून रेंगाळते आहे. समुद्रावरचा वारा संध्याकाळी थोडा बदलतो, एवढेच. आपण सर्व जण प्रकृतीला जपून असाल, अशी आशा आहे."

मागे कपांची किणकिण झाली. दादा ट्रे घेऊन दारात उभा होता.

"वहिनीच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतरची आभाराची पत्रं," मी म्हटलं. "सांत्वनाला आलेल्यांना तू पाठवलीस ती. तुला टाइप करता येत नव्हतं, म्हणून नेझुबाई रोज येऊन शिकवत होत्या. त्यांनी तुझ्यासाठी वेगळी सुरुवात लिहिली. सुतकातल्या घरातून आनंद कळवत नाहीत, म्हणून भरभराट आणि आनंद काढून टाकले. म्हणून हे वाक्य कचेरीतल्या कुठल्याच पत्रात नाही. आणि पहिल्या तारखेला त्या कचेरीतली सगळी मशीन बदलतात, पण मेलेल्या बाईच्या घरात कुणी ऋतू बदलायला येत नाही."

दादानं ट्रे खाली ठेवला. मला वाटलं, तो नाकारेल. तो चटईवर बसला.

"मी वाचलंच नाही," तो म्हणाला. "दोन अक्षरं मारली, आलं, खाली लिहिलं. मला वाटलं, वरचं ती बघून ठेवते."

"कागेयामांचे हात गेले ना?"

त्यानं मान हलवली. "थरथरतात. मोठा मासा आता होत नाही. त्यांनी मला सांगितलेलं नाही, मी त्यांना विचारलेलं नाही. तोगावांना काय सांगू? म्हाताऱ्याचे हात गेले म्हणून? ते गावभर झालं असतं. म्हातारा दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडला नसता."

"म्हणून नेझुबाईंच्या नावावर?"

"मागण्यांची पत्रं तिच्याच नावानं जातात. आणि..." त्यानं ट्रेमधला कप जरा सरकवला. "तिच्यावर कुणी रागावलेलं मी कधी बघितलं नाही. वाटलं, तिच्या नावानं गेलं तर तोगावा समजून घेतील."

"आणि सोमवारी?"

"तोंड उघडलं होतं गं. तेवढ्यात ती वाकली. ती वाकली आणि माझी हिंमतच गेली. दर दिवशी वाटतं, आज सांगू. तिच्या टेबलाजवळून जातो आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

मी त्याच्यावर ओरडले. वहिनीच्या फोटोसमोर ओरडले, त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण ओरडले. खेकडे धरायला शिकवणारा माझा दादा आणि हा माणूस एकच, हे मला सहन होत नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"उद्या सकाळच्या सभेत सांगशील," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन."

चहा तसाच टाकून मी निघाले. एक गाठ अजून सुटायची होती, आणि ती दादाकडे नव्हती.

६

नेझुबाई टेबलाचे खण रिकामे करत होत्या. कचेरीतले बाकीचे निघून गेले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिलींची डबी पिशवीत ठेवली.

"मी विचारलं, आणखी काय खटकलं? तुम्ही म्हणालात, काही नाही. ज्या बाईला पत्रातला शिळा ऋतू लगेच दिसतो, तिला लग्नघरच्या पत्रात आनंद गाळलेला दिसला नाही? मी सगळी मशीन तपासत फिरले, तुम्ही 'अजून एक आहे' असं म्हणाला नाहीत."

"माझंच वाक्य मला ओळखू येणार नाही का मुरोइसान?" बाई म्हणाल्या. "काउंटरवर पहिली ओळ वाचली आणि कळलं. ते मी त्यांच्या दुःखासाठी लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाकडे ते वाक्य नाही."

"मग वाकलात का?"

"मला वाटलं, मी वाकले की ते पुढे येऊन बोलतील." त्यांनी खण लोटून बंद केला. "ते पुढे आले नाहीत. मग इथं राहून काय करू? पत्राचं काही नाही हो. माणसाच्या हातून चूक होते. पण मी चार दिवस याच खुर्चीत बसले, आणि ते रोज माझ्या शेजारून गेले."

मला दादाचं म्हणणं त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ते त्याच्या तोंडूनच यायला हवं होतं. मी एवढंच विचारलं, "उद्या सभेला याल ना?"

"सुट्टी घेतलेली नाही," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी कारखान्यातले आणि कचेरीतले सगळे रोजच्यासारखे ओळीत उभे राहिले. कागेयामाही होते. हारुओमींनी आठवड्याची विक्री सांगितली, कुझेनं एक फुसका विनोद केला. मग तोकुजी दादा पुढे आला.

"तोगावांचं पत्र मी लिहिलं," तो म्हणाला. "नेझुसानचं नाव मी घातलं. सोमवारी त्या माझ्यासाठी वाकल्या आणि मी बघत बसलो."

शिमोदेबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. दादा नेझुबाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि कमरेत वाकला. इतका खाली वाकला की त्याचे पांढरे केस तिच्या हातांच्या खाली आले. तो तसाच राहिला.

तेवढ्यात मागून कागेयामांचा आवाज आला. "मालक, माशांना नाही का म्हणालात ते पण सांगा की." म्हाताऱ्यानं खिशातून दोन्ही हात काढले आणि सगळ्यांसमोर पुढे धरले. ते थरथरत होते. "यासाठी बाईला बळी देता? मला विचारायचं होतं. मीच सांगितलं असतं तोगावांना."

दादा वाकलेलाच होता.

"डोकं वर करा, मालक," नेझुबाई म्हणाल्या. "आधी फोन करायचाय."

फोन दादानं केला. बाई शेजारी उभ्या राहिल्या. आम्ही सगळे कामाला लागल्याचं सोंग करत ऐकत होतो. दादानं तोगावांना सगळं सांगितलं, कागेयामांचे हातसुद्धा, कारण म्हातारा समोर बसून "सांगा, सांगा" म्हणत होता.

मग तोगावासाहेबांचा आवाज आमच्यापर्यंत आला. "एवढंच होतं, तर तोंडानं सांगायला काय झालं होतं हो?" पुन्हा थोडं थांबून ते म्हणाले, "लहान मासे होतात ना? मग लहान द्या. माझ्या मुलीला कागेयामांच्या नजरेखालचाच मासा हवाय. आणि नेझुसान कुठं आहेत?"

"इथंच आहे," दादा म्हणाला. फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. "राहाल ना?"

कुणी टाइप करत नव्हतं. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भरून ठेवलेल्या पिशवीकडे.

"आजचा दिवस राहते," त्या म्हणाल्या. "उद्याचं तुमच्यावर आहे."

त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली आणि दादाला बसायची खूण केली. कॉम्प्युटरवर कोरा कागद उघडला.

"तोगावांना माफीचं पत्र. तुमच्या नावानं. माझं एकही वाक्य वापरायचं नाही. अक्षर न् अक्षर तुम्ही टाइप करायचं."

"सुरुवात कशी करू?"

"खिडकीबाहेर बघा आणि दिसेल ते लिहा."

माझा दादा खिडकीबाहेर बघत बसला, आणि मग एका बोटानं एकेक अक्षर शोधायला लागला. बाई मागे उभ्या होत्या आणि काही सांगत नव्हत्या. शिमोदेबाई उठल्या, एअर कंडिशनर बंद केला आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मालकांच्या चार ओळी झाल्या होत्या, आणि कचेरीत कुणी हसलं नव्हतं.